टेंडरात 'प्रशिक्षित अ‍ॅनालिस्ट' लिहिलंय खरं, पण म्हणजे नक्की कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगरपालिकेच्या पाणी तपासणी लॅबला बाहेरच्या एजन्सीकडून चार केमिस्ट आणि दोन मायक्रोबायोलॉजिस्ट घ्यायचेत, कंत्राट तीन वर्षांचं, एनएबीएल (लॅबच्या सक्षमतेची राष्ट्रीय मान्यता) टिकवायचंय. मागच्या टेंडरात 'अनुभवी व प्रशिक्षित अ‍ॅनालिस्ट पुरवणे एजन्सीस बंधनकारक राहील' एवढी एकच ओळ होती. एजन्सीने कागदावर सगळे अनुभवी दाखवले, प्रत्यक्षात ब्युरेट धरता न येणारी पोरं पाठवली, आणि तक्रार केली तर दोन दिवसांच्या ट्रेनिंगची सर्टिफिकेटं पुढे केली. आता नव्या टेंडरात ट्रेनिंग आणि क्वालिफिकेशनची अट कशी लिहायची?

मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय, आधी लॅबच्या बेंचवर, मग क्वालिटी मॅनेजर म्हणून आणि मधे काही वर्षं माणसं पुरवणाऱ्या बाजूलाही, त्यामुळे दोन्हीकडच्या पळवाटा माहितीयत. सरळ सांगतो, तुमच्या त्या ओळीत एजन्सीने काहीच मोडलं नाही. 'अनुभवी' म्हणजे किती, कशाचा, 'प्रशिक्षित' म्हणजे कोणी शिकवलं, कशावर, आणि शिकला हे कोणी तपासलं, यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सर्टिफिकेट जोडलं की अट पूर्ण झाली ना राव.

पहिली गोष्ट, ट्रेनिंग, क्वालिफिकेशन आणि ऑथोरायझेशन ही तीन वेगळी कामं आहेत आणि टेंडर लिहिणारे तिघांना एकाच पोत्यात घालतात. पोहण्याच्या क्लासला महिनाभर गेला म्हणजे पोराला विहिरीत सोडायला हरकत नाही असं कुठला बाप म्हणतो का? क्लास झाला ते ट्रेनिंग, कोणीतरी काठावर उभं राहून त्याला पलीकडे जाऊन परत येताना पाहिलं ते क्वालिफिकेशन, आणि 'जा आता एकटा' असं ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याने सांगितलं ते ऑथोरायझेशन. ट्रेनिंग एजन्सी देऊ शकते, तुम्ही देऊ शकता, मशीनवाल्या कंपनीचा इंजिनीअर देऊ शकतो. पण ऑथोरायझेशन फक्त लॅबचंच, ते कंत्राटात एजन्सीकडे ढकलू नका, ढकलता येतही नाही. लॅबच्या सक्षमतेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७, त्याचं कलम ६.२ उघडून बघा, पहिल्याच वाक्यात आतली आणि बाहेरची दोन्ही माणसं आलीयत, म्हणजे 'तो एजन्सीचा माणूस आहे हो' हे एनएबीएलकडून तपासायला येणाऱ्या असेसरसमोर चालत नाही. त्याच कलमात ६.२.५ मध्ये सहा गोष्टींची प्रोसीजर आणि रेकॉर्ड मागितलंय: सक्षमतेच्या गरजा ठरवणं, निवड, ट्रेनिंग, सुपरव्हिजन, ऑथोरायझेशन आणि नंतरचं मॉनिटरिंग. तुमच्या जुन्या टेंडरात यातल्या फक्त दोघांचा, निवड आणि ट्रेनिंगचा, तोही ओझरता उल्लेख होता.

आणि हो, एक लक्षात घ्या, या स्टँडर्डमध्ये 'एमएस्सीच हवा' किंवा 'पाच वर्षंच हवीत' असं कुठेही नाही. तुम्हाला काय हवं ते तुम्ही ठरवा आणि लिहा असं ते म्हणतं. म्हणून तो निर्णय टाळायची सोय नाही.

'अ‍ॅनालिस्ट' या शब्दाबद्दलही जरा जपून. जल प्रदूषण कायदा १९७४ च्या कलम ५३ मध्ये, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ च्या कलम १३ मध्ये आणि अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४५ मध्ये अ‍ॅनालिस्ट म्हणजे नेमणूक झालेला माणूस, त्याच्या रिपोर्टला पुरावा म्हणून वजन असतं, आणि त्याच्या पात्रतेच्या अटी तिकडे वेगळ्या. तुम्हाला तो नकोय. तुम्हाला हवाय रोज शंभर बाटल्यांचं काम नीट करणारा माणूस. व्याख्येच्या पानावर एक ओळ टाका की या करारात अ‍ॅनालिस्ट म्हणजे लॅबने ठराविक चाचणीसाठी लेखी प्राधिकृत केलेला कर्मचारी, बाकी कोणी नाही. या एका ओळीने निम्मं भांडण संपतं, कारण एजन्सी पाठवते तो 'उमेदवार' असतो, अ‍ॅनालिस्ट तो तुमच्याकडे होतो.

आता पात्रतेच्या अटी. इथे लोक फार कडक होतात आणि तिथेच फसतात. 'एमएस्सी, पाच वर्षं अनुभव, एनएबीएल लॅबमधला' असं लिहून पगार मात्र किमान वेतनाच्या आसपास ठेवला तर खरा माणूस येणारच नाही, बायोडेटा तेवढा येईल. टेंडरला ज्याचं नाव लावलं तो माणूस कामाला उभा राहिलेला मी फार कमी वेळा पाहिलाय. त्यापेक्षा बीएस्सी केमिस्ट्री किंवा मायक्रो, एवढी खालची अट ठेवा आणि खरी चाळणी पुढे बेंचवर लावा. अनुभवाची अट फक्त मोठ्या इन्स्ट्रुमेंटवाल्याला, आयसीपी किंवा आयन क्रोमॅटोग्राफ असेल तर. अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड कायद्यानंतर तिथल्या ईपीएने, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्थेने, घातक कचऱ्याच्या जागांचे नमुने खासगी लॅबकडून कंत्राटावर तपासून घ्यायला सुरुवात केली. त्या कंत्राटांच्या कामाच्या वर्णनात अनुभव असाच इन्स्ट्रुमेंटगणिक मागायचे, जीसी-एमएस चालवणाऱ्याला वेगळा, त्याचे स्पेक्ट्रम वाचणाऱ्याला वेगळा आणि जास्त. शिवाय एक बॅकअप केमिस्ट कायम हजर पाहिजे अशी अट होती, आणि काम देण्याआधी लॅबला माहीत नसलेले नमुने पाठवून बघायचे. आपल्याकडचे लोक त्यातली फक्त वर्षं उचलतात, बॅकअप आणि नमुना दोन्ही सोडून देतात.

मुख्य मुद्दा, क्वालिफिकेशन माणसाचं नसतं, माणूस गुणिले पद्धत असं असतं. एकच मुलगी ईडीटीए टायट्रेशनने पाण्याचा हार्डनेस उत्तम करेल आणि मेंब्रेन फिल्टरवर जंतू मोजायला तिला अजून महिना लागेल. म्हणून टेंडरला एक तक्ता परिशिष्ट म्हणून जोडा, आडव्या ओळीत पदं, उभ्या रांगेत तुमच्या चाचण्या, पीएच, टीडीएस, हार्डनेस, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड, कोलिफॉर्म (पाण्यात घाण मिसळल्याची खूण असणारे जंतू), ई. कोलाय, जे काय असेल ते. प्रत्येक चाचणीला कुठल्याही दिवशी किमान दोन प्राधिकृत माणसं पाहिजेत असं लिहा. एक गावाला गेला किंवा सोडून गेला की चाचणी बंद पडते हा अनुभव तुम्हाला असणारच.

मग प्रत्येक चाचणीला पास होणं म्हणजे काय ते आकड्यात लिहा. मी साधारण असं ठेवतो: एसओपी (कामाची लेखी कार्यपद्धती) वाचून सही, मग प्राधिकृत माणसाचं काम बघणं, मग त्याच्या देखरेखीखाली खऱ्या नमुन्यांच्या किमान तीन बॅच तीन वेगळ्या दिवशी, आणि शेवटी माहीत नसलेल्या किमतीचा नमुना, त्याचे चार रिपीट. चार का, तर अमेरिकन पद्धतींमध्ये सुरुवातीची क्षमता दाखवायला चारच मागतात आणि लॅबला परवडतातही. त्यांची सरासरी खऱ्या किमतीच्या ९० ते ११० टक्क्यांत आणि आरएसडी (आकडे आपसांत किती विखुरलेत ते, सरासरीच्या टक्क्यांत) १० टक्क्यांच्या आत, ही माझी साधी मर्यादा, पद्धतीत वेगळी दिली असेल तर ती घ्या. काही लोक इथे प्रत्येक माणसाकडून एमडीएलचे (पद्धतीला ओळखता येणाऱ्या सर्वात कमी प्रमाणाचे) सात रिपीट करून घेतात, एसडीला (प्रमाण विचलनाला) ३.१४३ ने गुणतात नि फाईलला लावतात. ती डिटेक्शन लिमिट लॅबची आणि पद्धतीची असते, माणूस शिकला की नाही ते त्यातून कळत नाही, उगाच रिएजंट वाया.

'माहीत नसलेला' या शब्दावर एवढा जोर का देतोय ते एका उदाहरणावरून सांगतो, हे माझ्याच हाताखाली झालंय. फ्लोराईड, स्पॅडन्स पद्धत, म्हणजे रंग किती फिका पडतो त्यावरून मोजायची. दोन पोरं एकाच आठवड्यात क्वालिफाय करायची होती. पहिल्याचे चार आकडे १.० च्या नमुन्याला ०.९७, १.०२, ०.९९, १.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर, सरासरी जवळपास १.०, आरएसडी २.२ टक्के. दुसऱ्याचे १.११, १.१०, १.१२, १.११. आरएसडी ०.७ टक्के! हात काय सुंदर, पण सरासरी १.११, म्हणजे ११ टक्के जास्त, नापास. तो म्हणे सर माझा क्यूसी (काम बरोबर चाललंय का ते बघायचा माहीत किमतीचा नमुना) तर बरोबर शंभर टक्के आलाय. आला होता खरंच. मग बसून बघितलं तर एसओपीत १०० चा स्टॉक (माहीत ताकदीचं मूळ द्रावण) आधी दहापट डायल्यूट करायचा होता, यानं ती पायरी गाळून स्टँडर्ड (नमुन्याशी तुलना करायची द्रावणं) बनवायला थेट स्टॉकमधून अर्धा-अर्धा मिली उचलला होता, पिपेट ब्लो-आउटवाली, आणि शेवटचा थेंब त्यानं फुंकून काढलाच नव्हता. एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिली, अर्ध्या मिलीत तो १० टक्के होतो. स्टँडर्ड कमजोर झाले, म्हणून नमुने जास्त दाखवायला लागले, आणि क्यूसी त्याच स्टॉकमधून त्याच पिपेटने त्याच सवयीनं बनवलेला, तो बरोबर येणारच की, चूक दोन्हीकडे सारखीच. दुसऱ्या माणसाने दुसऱ्या स्टॉकमधून बनवलेला नमुना दिला नसता तर हा पोरगा थाटात पास झाला असता.

आता हे फक्त लॅबच्या आतलं प्रकरण नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, फ्लोराईडला १.० ही स्वीकारार्ह मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. यवतमाळ-चंद्रपूरकडे अशा काठावरच्या विहिरी आणि बोअर कितीतरी आहेत. १.४३ ची विहीर याच्या हातून १.५ च्या वर जाते, गावाला टँकर लागतो, सरपंच तुमच्या दारात. उलट्या दिशेची चूक झाली असती तर गाव वर्षानुवर्षं तेच पाणी पीत राहिलं असतं, आणि ते कळायला पोरांचे दात पिवळे पडावे लागले असते.

म्हणून टेंडरात स्पष्ट लिहा की क्वालिफिकेशनचा नमुना लॅब बनवेल किंवा विकत आणेल, उमेदवाराने वापरलेल्या स्टॉकपेक्षा वेगळ्या स्रोतातून. आणि शक्य असेल तिथे एक नमुना डिस्टिल्ड पाण्यातला नाही तर खऱ्या नळाच्या पाण्यात स्पाइक केलेला, म्हणजे ठराविक प्रमाण मुद्दाम मिसळलेला, द्या. स्पॅडन्समध्ये शिल्लक क्लोरीन रंग खातं आणि फ्लोराईड उगाच जास्त दिसतं, क्लोरीन आधी मारायला लागतं. हे ज्याला माहीत नाही तो डिस्टिल्ड पाण्यात दरवेळी पास होतो आणि पहिल्याच नळाच्या नमुन्याला आपटतो.

मायक्रोवाल्यांचं जरा वेगळं. तिथे चार आकड्यांचा खेळ चालत नाही. त्यांना बाटल्यांचा एक संच द्या, काहींत ई. कोलाय, काहींत दुसरा कोलिफॉर्म, काहींत कोलिफॉर्म नसलेला जंतू आणि एखादी पूर्ण निर्जंतुक, कुठली कोणती ते न सांगता. सगळ्या बरोबर ओळखल्या पाहिजेत, निर्जंतुक बाटलीत काही उगवलं तर तोही नापासच, कारण मग हात स्वच्छ नाही. कॉलनी मोजण्यात तोच माणूस तीच प्लेट परत मोजतो तेव्हा ५ टक्क्यांत आणि दोन माणसांत १० टक्क्यांत फरक हवा, ही 'स्टँडर्ड मेथड्स' या पाणी तपासणीच्या संदर्भग्रंथातली जुनी कसोटी आहे, दर महिन्याला एकदा करायला दहा मिनिटं पुरतात. आणि जाता जाता, हार्डनेसचा शेवट वाइन रेडवरून निळा होतो, तेव्हा टायट्रेशनवर ठेवण्याआधी पोराची रंगदृष्टी एकदा तपासून घ्या. दोष निघाला म्हणून त्याला घरी पाठवायचं कारण नाही, मीटरवर बसवा, पण सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता पैशाकडे येतो, कारण एजन्सी अट वाचते ती बिलाच्या चष्म्यातूनच. क्वालिफाय होईपर्यंतच्या दिवसांचा पगार कोणाचा? रिएजंट, स्टँडर्ड, पीटीची (बाहेरून आलेल्या नमुन्यांवर लॅबची होणारी परीक्षा) फी कोणाची? हे लिहिलं नाही तर एजन्सी माणूस आल्या दिवसापासून पूर्ण बिल लावेल, किंवा मग त्या पोराचाच महिन्याचा पगार अडकवेल, आणि दुसरं जास्त वाईट. मी असं ठेवायचो की माणसाचा पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण, तो एजन्सीने द्यायचा, पण पालिका एजन्सीला पहिल्या तीस कामाच्या दिवसांत फक्त पगाराइतकी प्रतिपूर्ती देणार, सेवाशुल्क प्राधिकृत झाल्यानंतरच सुरू. रिएजंट लॅबचे. तीस दिवसांत तक्त्यातल्या ठरलेल्या चाचण्यांपैकी निम्म्यांना प्राधिकृत झाला नाही तर एकदा आणखी पंधरा दिवस, नंतर बदली माणूस, आणि बदली माणसाचं ट्रेनिंग एजन्सीच्या खर्चात. कलमाची भाषा सरकारीच ठेवा, ऑडिटला तीच समजते: 'ज्या चाचणी पद्धतीसाठी कर्मचाऱ्यास प्रयोगशाळेने लेखी प्राधिकृत केलेले नाही, त्या पद्धतीचे निकाल त्याच्या स्वाक्षरीने दिले जाणार नाहीत व अशा कालावधीचे सेवाशुल्क अनुज्ञेय राहणार नाही.' हे एक वाक्य दंडाच्या पाच पानांपेक्षा जास्त काम करतं. दंडाचे मोठाले आकडे टाकून फार उपयोग होत नाही, करार कायदा १८७२ चं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच बोलतं, लिहिलेला आकडा म्हणजे फक्त कमाल मर्यादा, आणि तुम्ही कोर्टात जाणार नाही हे एजन्सीला तुमच्याआधी माहीत असतं.

माणूस सोडून जाणं हे तर धरूनच चला. पोरगं शिकलं, फार्मा कंपनीत पाच हजार जास्त मिळाले की गेलं, आणि त्यात त्याची चूक काय. काही एजन्स्या यावर उपाय म्हणून मूळ मार्कशीट ठेवून घेतात, तसलं काही तुमच्या कंत्राटाच्या आडून होऊ देऊ नका, उलट 'कर्मचाऱ्याची मूळ प्रमाणपत्रे ताब्यात ठेवता येणार नाहीत' असंच लिहा. त्याऐवजी महिन्याची नोटीस, आणि जाणारा आणि येणारा किमान दहा कामाचे दिवस एकत्र. येणारा माणूस जाणाऱ्याकडून शिकला तरी त्याला पास करणारा तिसराच असावा, नाहीतर थेंब न फुंकण्याची सवयसुद्धा वारशाने मिळते.

एकदा पास झाला की तीन वर्षं निवांत असंही नाही. परत क्वालिफाय कधी करायचं ते लिहा: सहा महिने ती चाचणी केली नसेल तर, पद्धत किंवा इन्स्ट्रुमेंट बदललं तर, पीटीमध्ये झेड-स्कोअर (आपला आकडा ठरलेल्या किमतीपासून किती दूर त्याचं माप) ३ च्या बाहेर गेला तर, आणि काहीच झालं नाही तरी वर्षातून एकदा. झेड-स्कोअर २ ते ३ मध्ये आला तर लगेच थांबवायचं नाही, कारण शोधायचं. आणि मधेमधे तुम्ही न सांगता नमुना घुसवू शकता हा हक्क करारात लिहून घ्या, रोजच्या बाटल्यांत मिसळून, खोट्या गावाच्या नावाने. हा हक्क लिहिलेला नसेल तर एजन्सी 'आमच्या माणसांना फसवलं' म्हणून पत्र देते, मला दिलंय.

माणूस नापास झाला तर त्याने आधी दिलेल्या रिपोर्टचं काय, हा प्रश्न टेंडर लिहिताना कोणाच्याच डोक्यात नसतो. नियम साधा ठेवा, त्या चाचणीचा शेवटचा चांगला क्यूसी ज्या दिवशी होता तिथपासून पुढचं सगळं संशयास्पद, नमुने शिल्लक आणि मुदतीत असतील तर परत तपासणी, नसतील तर परत नमुना, आणि खर्च चुकीच्या कारणावर. एसओपीच चुकीची निघाली तर तुमचा, माणसाने पायरी गाळली तर एजन्सीचा. बॅक्टेरियाच्या बाबतीत जुना नमुना तपासून काही हाती लागत नाही, तिथे गाडी काढून परत नमुना आणायलाच लागतो, म्हणून प्रवासखर्चाचा शब्द कलमात घाला.

रेकॉर्ड कोणाचं, तर लॅबचं. ट्रेनिंगची फाईल, रॉ डेटाची वही, चार आकड्यांचं कॅल्क्युलेशन, ऑथोरायझेशनचं पत्र, सगळं लॅबमध्ये राहील, एजन्सीला प्रत मिळेल आणि सोडून जाणाऱ्या मुलालाही त्याच्या पत्रांची प्रत मिळेल. एका ठिकाणी कंत्राट संपताना एजन्सीवाला 'आमच्या कर्मचाऱ्यांच्या फाईली' म्हणून अख्खं कपाट घेऊन गेला आणि पुढच्याच महिन्यात असेसमेंट होतं, त्या दिवशी मी किती चहा प्यायलो ते विचारू नका.

गावपातळीवर जल जीवन मिशनमध्ये पाच-पाच महिलांना फील्ड टेस्ट किटचं ट्रेनिंग दिलंय, त्यांच्यातल्या कोणाला अनुभव म्हणून धरायचं का असंही विचारलंय. लॅबच्या अनुभवात धरू नका, ते काम वेगळं आहे आणि आपल्या जागी महत्त्वाचं आहे. पण नमुना गोळा करायला माणूस घेत असाल तर त्या बायकांना पहिलं विचारा, बाटली कशी धरायची आणि नळ किती वेळ वाहू द्यायचा हे त्यांना आपल्या बीएस्सीवाल्यांपेक्षा बरं कळतं.

शेवटचं म्हणजे हे सगळं प्री-बिड (दर भरण्याआधीच्या) मीटिंगमध्ये तक्ता दाखवून मोठ्याने वाचा, आणि 'तीस दिवस सेवाशुल्क नाही' हे वाक्य आलं की कोणाचा चेहरा उतरतो ते बघून ठेवा. दर भरताना ते तेवढे पैसे वरून लावतीलच, लावू द्या, तुमच्या अंदाजपत्रकात ती रक्कम आधीच धरा. नाहीतर सगळ्यात कमी दरवाला येईल, आणि तो माणूस शिकवण्याचा खर्च पोराच्या पगारातून काढेल.